हंगामी कामगाराचा हात



बोदवड, जामनेर, मलकापूर या पट्ट्यात कापसाच्या गाड्या फिरू लागल्या की सातपुड्यातल्या आमच्या पाड्यांवर शुकशुकाट होतो. दसऱ्याच्या आसपास मुकादम येतो, उचल देतो आणि यावल-चोपड्याकडची पावरा व भिल्ल कुटुंबे, तसेच मध्य प्रदेशच्या हद्दीतली बारेला कुटुंबे जिनिंगच्या कामाला निघतात. मुले, कोंबड्या, भांडीकुंडी सगळे बरोबर. परत येतात ती होळीला. होळी चुकवायची नाही हा त्यांचा नेम. त्यासाठी मुकादमाशी भांडतीलसुद्धा.

गेल्या नाताळच्या आधी आपल्या मंडळीतर्फे या कामगारांना ब्लँकेटे वाटली. त्या वेळी आपल्यातल्या एका ज्येष्ठ बंधूंनी मला विचारले, "ताई, जिनिंगला कायदा लागू नाही का? की ही माणसे कायद्याबाहेरचीच?" प्रश्न सरळ होता. पण उत्तर ब्लँकेटे वाटता वाटता देण्यासारखे नव्हते, म्हणून संपादकांकडून या अंकाची ही पाने मागून घेतली.

आधी जिनिंगमध्ये काय चालते ते पाहू. आपल्यापैकी पुष्कळांनी जिनिंगचे फाटक पाहिले आहे, आत फार थोडे गेले असतील. शेतातून आलेल्या कापसात रुई आणि सरकी एकत्र असते. ती वेगळी करणारे यंत्र म्हणजे जिन. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दोन रोलरची जिन असते. चामड्याच्या चकत्या एकमेकींवर दाबून केलेले दोन रोलर फिरत असतात, त्यांना चिकटून स्थिर सुऱ्या असतात आणि मध्ये एक सुरी सारखी हलत असते. रोलर तंतू ओढून घेतो, हलती सुरी सरकीला ठोकून सुटी करते. अशा यंत्रांच्या समोरासमोर रांगा असतात आणि त्यांच्या दणदणाटात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. सुटलेली रुई पाला हाऊसमध्ये जमते, तिथून प्रेसमध्ये जाते आणि साधारण १७० किलोची गाठ बांधली जाते.

धोका कुठे आहे ते यावरूनच कळेल. ओला किंवा कचऱ्याचा कापूस आला की जिन अडते. नियमाने यंत्र बंद करून मग हात घालायचा. पण रात्रपाळीत, गाड्या बाहेर उभ्या असताना, यंत्र कोण बंद करतो? चालत्या जिनमध्ये बोटे घालून गुंता काढायचा हे तिथले रोजचे काम. पट्ट्यात पदर अडकतो. कापसातून एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला तर ठिणगी पडते आणि रुईला लागलेली आग पळायला फार वेळ देत नाही. आणि धूळ तर सगळीकडेच.

या धुळीविषयी थोडे सांगायला हवे, कारण तुटलेले बोट दिसते, छाती दिसत नाही. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. कायद्यात तो कामामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला आहे, म्हणजे त्याचीही भरपाई मागता येते. त्याची एक खूण डॉक्टरांना शिकवतात: रविवारची सुट्टी घेऊन कामगार सोमवारी कामावर आला की त्याची छाती आवळते, आणि आठवडा सरत जातो तसे बरे वाटते. आजार जुना झाला की मग रोजच दम लागतो. हा आजार सूतगिरण्यांत अधिक सापडतो, पण धूळ जिनिंगमध्येही आहेच. शिवाय हंगामात आठवड्याची सुट्टीच न मिळालेल्या माणसाला सोमवार तो कुठला? तो होळीनंतर खोकत पाड्यावर येतो आणि दम्याची नाही तर क्षयाची औषधे घेत बसतो.

धुळीचा आणखी एक प्रकार आहे. रोलरचे चामडे क्रोमने कमावलेले असते. त्याला चरे पाडताना आणि ते झिजताना त्याचा भुसा उडतो. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने चामड्याऐवजी रबराचे रोलर तयार केले, ते याच कारणाने.

सुधारणा झालीच नाही असे नाही. केंद्र सरकारने २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यातून अनेक जिनिंग नव्याने उभ्या राहिल्या. पूर्वी बाया टोपल्या डोक्यावर वाहून एकेक जिन हाताने भरत. आता पुष्कळ ठिकाणी ते काम वाहक पट्टे करतात. हे चांगलेच झाले. पण अभियानाचा मुख्य हेतू रुई स्वच्छ राहावी, बाजारात भाव मिळावा हा होता. रुईत माणसाचा केस जाऊ नये म्हणून डोके झाकायला सांगतात. माणसाच्या छातीत रुई जाऊ नये म्हणून तोंडावर काही बांधायला सांगणारा मला क्वचितच भेटला. बाया आपण होऊन ओढणी बांधतात तेवढेच.

आता कायदा. त्याच्या इतिहासात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि माझ्या मते सगळी गोम त्याच शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'हंगामी'.

हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा १८८१ साली आला. तो लागू होण्यासाठी यंत्रशक्ती हवी, शंभर कामगार हवेत आणि कारखाना वर्षातून किमान चार महिने चालायला हवा, अशी त्यात अट होती. मुंबईच्या गिरण्या बारा महिने चालत. त्या या अटीत बसल्या. खानदेशातल्या जिनिंगचे बहुतेक काम चार महिन्यांच्या आत उरके; त्या बाहेर राहिल्या. त्या चार महिन्यांत काय होत असे, ते मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगापुढे १८८५ च्या सुमारास झालेल्या साक्षींत आले. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत काम, मजुरी तीन-चार आणे. घरी गेलेल्या बाया पहाटे फाटक उघडण्याआधी, तीनच्या सुमारासच परत येऊन उभ्या राहत. घाईच्या दिवसांत तीच माणसे, तीच बायाबापडी, सलग आठ दिवस रात्रंदिवस राबवली जात. ती अगदी थकली की नवी घेतली जात. आणि असे राबणारे पुष्कळदा मरत. ही साक्ष कामगारांची नव्हे, मालकवर्गातल्या माणसाची आहे. ती आपल्या खानदेशाविषयी आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

त्याच सुमाराला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे काम करीत होते. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगाकडे दिले. रविवारची सुट्टी ही त्यातली मागणी सर्वांना ठाऊक आहे. १८९० साली गिरणीमालकांनी ती मान्य केली. (आपण ज्याला प्रभुवार म्हणतो तो दिवस त्यांनी मागितला तो खंडोबाचा वार म्हणून. दिवस एकच, विसावा सर्वांना.) पण त्या निवेदनातली दुसरी एक मागणी फारशी कोणी सांगत नाही. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि जन्माचे अपंगत्व आले तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी, असे त्यात होते. हे कायद्यात यायला १९२३ साल उजाडले.

इकडे जिनिंग मात्र पायरी पायरीने मागेच. चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखाने कायद्याखाली आले ते १९११ साली. १९३४ च्या कायद्याने पुन्हा दोन वर्ग केले: बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास, हंगामी कारखान्यात ६०. म्हणजे जिनिंगच्या कामगाराचे अंग सहा तास जास्त सोसते, असे कायद्यानेच मानले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना अधिनियमाने हा भेद काढला. दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८, साप्ताहिक सुट्टी, यंत्रांना जाळी-कठडे, चालते यंत्र साफ करायला स्त्रियांना मनाई, गंभीर अपघात झाला तर सरकारी निरीक्षकाला कळवणे, हे सगळे जिनिंगलाही लागू झाले. त्यात खास कापसासाठी एक कलम होते, सत्ताविसावे: कापूस दाबण्याच्या कारखान्यात ओपनर यंत्र चालते त्या भागात स्त्रिया व मुलांना कामावर ठेवायचे नाही.

तेव्हा त्या बंधूंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे: कायदा लागू आहे, आणि पुष्कळ वर्षांपासून आहे.

उरलेले अर्धे उत्तर त्याच १९४८ सालच्या दुसऱ्या कायद्यात सापडते. कर्मचारी राज्य विमा कायदा, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. गिरणी-कारखान्यातल्या कामगाराला अपघात झाला तर दवाखाना, रजेचा पगार, अपंगत्वाची पेन्शन या योजनेतून मिळते. आपल्या मंडळीतल्या कितीतरी कुटुंबांनी त्याचा लाभ घेतला आहे. या कायद्यातून हंगामी कारखाने वगळले आहेत. आणि हंगामी कारखाना म्हणजे कोणता, त्याची जी यादी कायद्यात दिली आहे, तिची सुरुवातच कापसाच्या जिनिंगने होते. त्यानंतर कापूस व ताग दाबणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, साखर, गूळ वगैरे. म्हणजे आमचा पावरा भाऊ ज्या ज्या कामाला जातो ती बहुतेक कामे.

ईएसआय नाही म्हणजे काहीच नाही, असे मात्र नव्हे. इथे १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा उपयोगी पडतो, आणि या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचे आहे, कारण आमच्या पाड्यांवर ते जवळजवळ कोणालाच माहीत नसते. एका तरुणाचे उदाहरण घेऊन सांगते. त्याचे नाव, गाव आणि कारखाना इथे लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे.

वय पंचवीस. रात्रपाळीत जिन अडली, त्याने हात घातला आणि उजव्या हाताचा पंजा गेला. खासगी दवाखान्याचे बिल कारखान्याने भरले. पुढे मुकादम पाड्यावर आला, उचलीचे राहिलेले तीस हजार माफ केले म्हणाला, वर चाळीस हजार रोख दिले आणि स्टॅम्प पेपर पुढे केला. 'माझी काही तक्रार नाही, मला सर्व भरपाई मिळाली आहे.' हा मुलगा वसतिगृहात राहून सातवीपर्यंत शिकलेला, सही करता येते. पण सही करणारा हात राहिला नव्हता. डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला.

"ताई, आपसात मिटलंय," मुकादमाने मला फोनवर सांगितले. मिटले नव्हते. कायद्यात या पंजाचे मोल ठरलेले आहे आणि ते मोजायची रीत अशी. महिन्याची मजुरी घ्यायची. ती कितीही असली तरी २०२० पासून १५,००० पर्यंतच धरतात. कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर तिचे ६० टक्के. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. पंचविशीला तो आकडा २१६.९१ आहे. या मुलाची मजुरी महिना १२,००० धरली तर ७,२०० गुणिले २१६.९१ म्हणजे १५,६१,७५२ रुपये झाले. आता हा पूर्ण अपंग नाही, एक पंजा गेला आहे. कायद्याच्या परिशिष्टात कोणता अवयव गेला तर कमाईची शक्ती किती टक्के गेली असे धरायचे, याचा तक्ता आहे. अंगठा ३० टक्के. एका हाताची चार बोटे ५० टक्के. पंजा ६० टक्के. म्हणजे १५,६१,७५२ चे ६० टक्के: ९,३७,०५१ रुपये. औषधोपचाराचा खर्च वेगळा. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

चाळीस हजार आणि नऊ लाख सदतीस हजार. हा फरक त्या मुलाच्या आईला मी आकडे लिहून दाखवला, तेव्हा तिला वाटले की मी एक शून्य जास्त लिहिले आहे.

मग स्टॅम्प पेपरचे काय? या कायद्याने कामगाराने आपला हक्क सोडून दिल्याचा करार मुळातच रद्द ठरतो. तडजोड करता येते, पण तिची नोंद नुकसानभरपाई आयुक्तांकडे व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. कामगार दगावला असेल तर मालकाने भरपाई घरच्यांच्या हातात परस्पर द्यायचीच नाही, आयुक्तांकडे जमा करायची. हे नियम करणाऱ्यांना माणसे आणि मुकादम दोन्ही चांगले ठाऊक असावेत.

मालकांचे दुसरे म्हणणे असे असते की तो आमचा कामगार नाही, मुकादमाचा माणूस. तेही चालत नाही. धंद्याचे काम ठेकेदारामार्फत करून घेतले तरी भरपाई मूळ मालकाने द्यायची. नंतर तो ठेकेदाराकडून वसूल करो न करो. तिसरे म्हणणे, तो कायम नव्हता, रोजंदारीवर होता. २००० साली कायद्यात दुरुस्ती होऊन नैमित्तिक कामगाराला वगळणारे शब्दच काढून टाकले गेले. एक दिवसापूर्वी कामाला लागलेल्याचाही हात मोजला जातो. आणि दावा अपघात झाला तिथेच लावावा लागतो असे नाही. कामगार जिथे राहतो त्या भागातही लावता येतो. मध्य प्रदेशातून आलेल्या कुटुंबांसाठी हे फार मोलाचे आहे, कारण एका तारखेला यायचे म्हणजे त्यांची दोन दिवसांची मजुरी जाते.

एवढे सगळे बाजूने असताना अडते कुठे? अडते ते एका साध्या प्रश्नावर: हा माणूस त्या कारखान्यात होता, याला पुरावा काय? आमच्या मुलाचे नाव हजेरीपटात नाही. पगाराची पावती नाही. मजुरी मुकादमाच्या वहीत, आणि वही मुकादमाकडे. कारखान्याचे आता म्हणणे असे की असा कोणी इथे कामाला नव्हता. दोन वर्षांची मुदत संपायच्या आत दावा दाखल झाला, वकील चांगले मिळाले, तारखा पडत आहेत. दोघे सोबती साक्षीला तयार आहेत. मात्र पुढच्या हंगामाची उचल त्यांनीही त्याच मुकादमाकडून घेतलेली आहे.

असे प्रकरण हे एकटेच नाही. सातपुड्याच्या पलीकडे अलीराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतले भिल्ल-भिलाला मजूर गुजरातेत गोध्रा-बालासिनोरकडे गारगोटीची भुकटी करणाऱ्या कारखान्यांत जात. आमच्या लोकांचेच ते सोयरे. दगडाची बारीक धूळ छातीत बसून सिलिकोसिस झाला आणि तरुण माणसे एकामागून एक गेली. कायदा तिथेही होता, पुरावा तिथेही नव्हता. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग मध्ये पडला, सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे याचिका चालली, आणि २०१६ च्या मे महिन्यात न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. भरपाई सरकारने दिली, कारखानदारांनी नव्हे, हेही ध्यानात घ्या.

दुसऱ्या राज्यातून मजूर आणले तर ठेकेदाराने प्रत्येकाला फोटो लावलेले पासबुक द्यावे, असा कायदा १९७९ साली झाला. त्यात कारखान्याचे नाव, मजुरी, कपाती सगळे लिहायचे. मी या कामात आले त्याला बरीच वर्षे झाली. असे पासबुक मी अजून एकदाही पाहिलेले नाही.

तपासणी करायला माणसे किती, हाही प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा एक अंदाज आहे की प्रगत देशात दर दहा हजार कामगारांमागे एक निरीक्षक असावा. अगदी मागास देशात चाळीस हजारांमागे एक असला तरी चालेल. गरीब देशात यंत्रे कमी कापतात म्हणून हा फरक नव्हे. तिथे पैसा कमी म्हणून अपेक्षाच कमी ठेवलेली. बांगलादेशात २०१३ च्या एप्रिलमध्ये राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळून अकराशेहून अधिक कपडे कामगार मेले. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या बँकेने आपली माणसे घरी पाठवली. वरच्या शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले. त्यानंतर परदेशी कंपन्यांनी कामगार संघटनांशी करार केला, आणि तो न्यायालयात टिकेल असा बंधनकारक केला. इमारती तपासल्या गेल्या, दुरुस्त झाल्या. कपड्यावर नाव असलेल्या कंपनीची लाज तिथे कामी आली. आपल्या रुईच्या गाठीवर कोणा प्रसिद्ध कंपनीचे नाव नसते. ती गाठ सूतगिरणीत जाते आणि तिची ओळख तिथेच पुसते.

मालकांची बाजूही सांगते, कारण आपल्या मंडळीतही लहानमोठे धंदेवाले आहेत आणि त्यांनी मला ती सांगितली आहे. हंगाम थोडा, कापसाचे भाव आज एक उद्या एक, विजेचे बिल मोठे. "अपघात काय कोणी मुद्दाम करतो?" हे खरे आहे, मुद्दाम कोणी करत नाही. पण अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आठव्या वचनात देवाने इस्राएलाला दिलेली आज्ञा एकदा काढून वाचा. नवे घर बांधशील तर गच्चीला कठडा कर, कोणी पडून मेला तर रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशा अर्थाची ती आहे. तिथेही मालकाने कोणाला ढकललेले नाही. कठडा केला नाही, एवढेच. आणि व्यवहाराचे सांगायचे तर, कामगार नुकसानभरपाईचा विमा कोणत्याही सर्वसाधारण विमा कंपनीकडे मिळतो. नऊ लाख खिशातून जाण्यापेक्षा हप्ता भरणे केव्हाही स्वस्त.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि वर सांगितलेले जुने कायदे त्यांत सामावले गेले. त्यातले आपल्या कामापुरते सांगते. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचे आहे. हे खरोखर झाले तर पुराव्याचे दुखणे बरेच कमी होईल. ठराविक वयाच्या किंवा वर्गाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करायची आहे. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी संबंध दिसला तर, भरपाईस पात्र आहे. भरपाई मोजण्याची रीत आहे तशीच ठेवली आहे. दुसरीकडे, विजेवर चालणारा कारखाना पूर्वी दहा कामगारांना 'कारखाना' ठरत असे, तो आता वीस कामगारांना ठरतो. दहा ते वीस माणसांवर चालणाऱ्या लहान जिनिंग काही सामान्य तरतुदींत राहतात, पण कारखान्याच्या कडक तरतुदींतून सुटतात. निरीक्षकाचे नावही बदलून 'निरीक्षक-तथा-सुविधाकार' झाले. आणि ईएसआयमधून हंगामी कारखाना वगळलेला होता, तो नव्या संहितेतही वगळलेलाच आहे. जिनिंगचे नाव यादीत अजून पहिलेच आहे. माझ्या मते खासदारांना निवेदन द्यायचे असेल तर या एका ओळीसाठी द्यावे.

दरम्यान आम्ही पाड्यांवर दसऱ्याआधी बैठका सुरू केल्या आहेत. जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला चार गोष्टी सांगतो. फाटकावरच्या पाटीचा आपण स्वतः दिसू असा फोटो मोबाइलवर काढून घरच्यांना पाठवायचा. मुकादमाचे पूर्ण नाव व नंबर पाड्यातल्या कारभाऱ्याकडे ठेवायचा. आपली हजेरी आपणही वहीत मांडायची; लिहिता येत नसेल तर रेघा मारायच्या. आणि उचलीचे किंवा मजुरीचे पैसे शक्यतो खात्यावर मागायचे, म्हणजे बँकेत नोंद राहते.

शेवटची विनंती आपल्यातल्या परिचारिका भगिनींना. भुसावळ, जळगाव, धुळे, नाशिक, कुठल्याही दवाखान्यात हंगामाच्या दिवसांत हात चिरडलेला आदिवासी माणूस येतो तेव्हा बरोबर मुकादम असतो आणि कसे लागले ते तोच सांगतो. आमच्या मुलाच्या केसपेपरवर 'घरी पडून दुखापत' असे लिहिले आहे. पंजा सुरीने कापल्यासारखा गेलेला, आणि घरी पडून. जखमी माणसाला बाजूला घेऊन, हिंदीत किंवा जमेल तशा बोलीत, एकदा त्यालाच विचारा: कुठे लागले, कोणत्या यंत्रात, कोणाकडे कामाला होतास? तो जे सांगेल ते डॉक्टरांना सांगून केसपेपरवर तारीख-वेळेसह लिहून घ्या आणि पोलिसांना कळवायचे असेल तर त्या कागदावरही तेच जाऊ द्या. त्या कागदाची एक प्रत रुग्णाच्या पिशवीत ठेवा, मुकादमाच्या हातात देऊ नका.